कारकुनी शिकार

गेल्या कोजागिरीस मंडळाच्या गच्चीवर दूध आटत असताना जो विषय निघाला आणि ज्या रीतीने तो हसण्यावारी नेण्यात आला, त्याविषयी चार शब्द लिहिल्यावाचून आम्हांस राहवत नाही. आमच्या धाकट्या बंधूंचा मुलगा कोलोरॅडोत स्थायिक आहे. तेथील उंच डोंगरांतील हरणाच्या शिकारीचा परवाना मिळावा म्हणून त्याने चार वर्षे वाट पाहिली, वर्षभर तयारी केली, सप्टेंबरात सहा दिवस डोंगरावर काढले आणि एकही गोळी न झाडता तो खाली उतरला. ही हकीकत आमच्याच तोंडून बाहेर पडली, हा दोष आमचा. ऐकणाऱ्यांत आमचे एक ज्येष्ठ स्नेही होते. त्यांच्या दिवाणखान्यात अद्याप दोन वाघांची मुंडकी आहेत; त्यांतील एकाचा काचेचा डोळा केव्हाच गळून पडला आहे. ते म्हणाले, "अर्ज काय, सोडत काय, नकाशे काय! अहो, ही कसली शिकार? ही तर कारकुनी झाली. आमच्या आजोबांच्या वेळी..." पुढचे वाक्य सर्वांस पाठ असल्याने ते पुरे होण्याआधीच हशा पिकला.

त्याच बैठकीत पुढल्या वर्षी 'शिकारीच्या आठवणी' असा विशेषांक काढण्याचे ठरले आणि घरोघरच्या जुन्या कागदपत्रांची मागणी झाली. आमच्याकडेही झाली. ती मान्य करण्यापूर्वी आमच्या स्नेह्यांच्या त्या एका शब्दाचा समाचार घेणे आम्हांस अगत्याचे वाटते. कारकुनी हा शिकारीचा कमीपणा आहे, असे त्यांना म्हणावयाचे होते. आमचे मत नेमके उलट आहे. शिकारीत जे काही सभ्य आणि माणसाला शोभेसे आहे ते सारे त्या कारकुनीतच आहे. चाप ओढणे हा तिचा सर्वांत सोपा भाग होय.

प्रथम ते जनावर कोणते हे सांगितले पाहिजे, कारण गच्चीवर ते 'अमेरिकेतले सांबर' म्हणून खपून गेले. तिकडे त्याला म्यूल डिअर म्हणतात. खेचरासारखे मोठे कान म्हणून हे नाव. शेपटीचे टोक काळे, ढुंगण पांढरे, आणि शिंगांची वाढ अशी की प्रत्येक फांदीला पुन्हा दोन फाटे फुटतात. भ्यायले म्हणजे ते पळत नाही, उसळते. चारी पाय एकदम जमिनीवरून सुटतात आणि एकदम टेकतात, त्यामुळे खडकाळ चढणीवर ते पाठलाग करणाऱ्याला सहज मागे टाकते. अमेरिकेच्या पश्चिमेकडील डोंगरी आणि वाळवंटी राज्ये हे त्याचे घर. उन्हाळ्यात माद्या पाडसांना घेऊन बहुधा खालच्या, आडोशाच्या रानात राहतात, आणि वयात आलेले नर दोन-चारांच्या, कधी आठ-दहांच्या टोळीने वर चढत चढत वृक्षरेषेच्याही पलीकडे जातात. कोलोरॅडोत ही रेषा साधारण साडेअकरा हजार फुटांवर येते. तेथे बर्फ वितळून ओल राहिलेल्या, वाटीसारख्या खोलगट कुरणांत कोवळ्या रुंद पानांच्या वनस्पती उगवतात. नुसत्या गवतावर या हरणाचे भागत नाही. दरवर्षी नव्याने शिंगे उभारावयाची तर चारा कसदार लागतो, आणि तो वर असतो.

ऑगस्टपर्यंत ही शिंगे मखमली कातडीने वेढलेली असतात. ऑगस्टच्या अखेरीस ती कातडी सुटू लागते, सप्टेंबरच्या मध्यापर्यंत शिंगे उघडी पडतात, उन्हाळ्यातील तांबूस अंग करड्या रंगाचे होते, आणि त्याबरोबर स्वभावही पालटतो. कालपर्यंत उघड्या कुरणात सकाळ-संध्याकाळ चरणारा नर आता दाट झाडीत शिरतो आणि दिसेनासा होतो. बहुतेक रायफलधाऱ्यांचा हंगाम ऑक्टोबर-नोव्हेंबरात येतो. तेव्हा ही जनावरे खाली उतरत असतात, माजावर असतात आणि त्यांना आपली सुध कमी असते. त्याआधी, सप्टेंबरात, काही निवडक उंच प्रदेशांपुरता आठवडा-दीड आठवड्याचा एक लहानसा हंगाम कोलोरॅडोचे सरकार देते. वॉशिंग्टन राज्यातही पंधरा सप्टेंबरपासून काही उंच रानांत अशीच मुभा असते, आणि वायोमिंगच्या पश्चिम डोंगरांतही काही भागांत हंगाम त्याच सुमारास उघडतो. परवाने मोजके, मागणारे पुष्कळ. म्हणून सोडत.

या सोडतीलाच आमचे स्नेही हसले. तिचा अर्थ काय ते पाहावे. तेथील कायद्याने रानातील जनावर जमीनमालकाचे नसते, राजाचे नसते, मारणाऱ्याचेही नसते. ते राज्यातील सर्व जनतेचे असते आणि सरकार केवळ विश्वस्त असते. जी वस्तू सर्वांची आहे तिच्यातील एक नग एकाने न्यावयाचा तर त्याने रांगेत उभे राहिले पाहिजे. एप्रिलच्या आरंभापर्यंत अर्ज करावयाचा. नाव न निघाल्यास एक गुण जमेस पडतो. पुढल्या वर्षी अधिक गुणवाल्याला अग्रक्रम मिळतो. आमच्या पुतण्याचे गुण अशा रीतीने साठत गेले. परवाना मिळाला की ते सारे शून्यावर येतात, मग हरीण मिळो वा न मिळो. हे ध्यानात ठेवावे. पुढे त्याचे काम पडेल.

अर्ज करण्याआधीही एक पायरी आहे. १ जानेवारी १९४९ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या कोणासही शिकारशिक्षणाचा अभ्यासक्रम पुरा केल्याखेरीज कोलोरॅडोत परवाना मिळत नाही. बंदूक कशी धरावी, जनावराचे मर्मस्थान कोठे असते, दुसऱ्याच्या जमिनीवर पाऊल टाकण्यापूर्वी काय करावे हे शिकून, परीक्षा देऊन, प्रमाणपत्र घ्यावे लागते. आमच्या स्नेह्यांच्या आजोबांना अशी परीक्षा द्यावी लागली असती तर काय झाले असते, याचा विचार आम्ही सभ्यतेखातर करीत नाही.

आता तयारीविषयी. तिच्यात आम्हांस स्वतःलाच इतका रस उत्पन्न झाला की तो वर्षभर पत्रे पाठवी आणि आम्ही प्रश्न विचारीत असू.

परवाना हाती आला जूनमध्ये. त्याने प्रथम समोच्च रेषांचे नकाशे काढले. ज्या भागाची परवानगी होती तो बहुतांशी १९६४ च्या कायद्याखाली राखलेला निर्जन प्रदेश. तेथे मोटार नाही, सायकलसुद्धा नाही; पायी जावे किंवा घोड्या-खेचरावरून. नकाशावर त्याने उत्तरेकडे व पूर्वेकडे उघडणाऱ्या वाट्या हेरल्या, कारण तेथे ओल टिकते आणि दुपारी कड्याची सावली लवकर पडते. प्रत्येक वाटीपासून गाडीरस्ता किती दूर, मध्ये किती चढ, पाणी कोठे, हे त्याने एका तक्त्यात लिहिले. (होय, तक्त्यात. आमच्या स्नेह्यांनी येथे पुन्हा हसून घ्यावे.) मग जुलै आणि ऑगस्टमध्ये तीन वेळा, बंदुकीवाचून, तो वर जाऊन राहिला. पहाटे अंधारात एखाद्या सोंडेवर बसावे, तिकाटण्यावर दुर्बीण लावावी आणि समोरचा उतार वीतवीत तपासावा. पहिल्या खेपेस काहीच दिसले नाही. दुसऱ्या खेपेस सात नर दिसले. ते सकाळी साडेआठच्या सुमारास चरणे थांबवून कड्याच्या पायथ्याशी, खुरट्या देवदारांच्या आडोशाला बसत, आणि ऊन सरकले की उठून दहा पावलांवर पुन्हा बसत.

तेथे वाऱ्याचा एक नियम आहे आणि सारी शिकार त्यावर चालते. ऊन चढले की डोंगरउतारावरील हवा तापून वर जाते. संध्याकाळी थंड होऊन खाली उतरते. म्हणून सकाळी उशिरा खालून चढणाऱ्या माणसाचा वास वर बसलेल्या हरणाला आयताच पोहोचतो. त्याला गाठावयाचे तर वळसा घालून, कड्याच्या माथ्यावरून यावे लागते. आणि माथ्यावर दुपारी थांबण्याची सोय नाही. उन्हाळा सरेपर्यंत तेथे दुपारनंतर ढग भरून येतात आणि उघड्या धारेवर उभ्या माणसावर वीज पडण्याचे भय असते. म्हणजे पहाटेचा एक अवधी आणि संध्याकाळचा एक. बाकीचा दिवस बसून राहण्याचा.

बारा हजार फुटांवर दर श्वासागणिक समुद्रकाठच्या मानाने सुमारे दोन-तृतीयांशच प्राणवायू मिळतो. पाणी ८८-८९ अंशांवरच उकळू लागते, त्यामुळे डाळ-तांदूळ नीट शिजत नाहीत. याविषयी त्याने विचारले तेव्हा आमच्या सौभाग्यवतींनी सातूचे पीठ सुचवले, आणि एवढा एकच भाग आमच्या घराने त्या मोहिमेत उचलला, हे नमूद करण्यास आम्हांस अभिमान वाटतो.

परंतु या सर्व तयारीत आमच्या मनावर ठसली ती मांसाची तजवीज. आपल्याकडील शिकारकथा जनावर पडते तेथे संपते. त्याच्या तक्त्यात अर्धा मजकूर त्यानंतरचा होता. सप्टेंबरात रात्री पाणी गोठते, पण दिवसा ऊन चांगले तापते आणि माश्या असतात. पडलेल्या जनावराच्या अंगात उष्णता कोंडून राहते. काही तासांत ती बाहेर काढली नाही तर हाडालगतचे मांस नासू लागते. म्हणून तेथल्या तेथे कातडे सोलावे, चारी फरे व पाठीच्या कण्यालगतच्या पट्ट्या वेगळ्या कराव्या, हवा खेळेल अशा पातळ कापडी पिशव्यांत घालून सावलीत टांगाव्या, आणि मग पाठीवरून खाली आणाव्या. पूर्ण वाढीच्या नराचे हाडांवेगळे मांस तीसएक किलो भरते. त्यावर तंबू, अंथरूण आणि बंदूक. अकरा किलोमीटरच्या वाटेवर एका माणसाला ह्या दोन खेपा होतात, आणि पहिली खेप जाऊन येईपर्यंत दुसरीतले मांस टिकले पाहिजे. खाण्याजोगे मांस टाकून देणे हा तेथे अपराध आहे. केवळ शिंगे कापून नेऊन धड रानात सोडणे हा तर गंभीर फौजदारी गुन्हा आहे. ज्या देशातील शिकारीचे आपल्याकडे 'निव्वळ हौस' म्हणून वर्णन होते, तेथला कायदा शिंगांआधी मांसाचा हिशेब मागतो. आमच्या बैठकीच्या खोल्यांतून जी मुंडकी आहेत त्यांच्या धडांचे काय झाले, हा प्रश्न आम्ही लहानपणी विचारला होता. उत्तर मिळाले नाही.

या भागात आणखी एक रोग आहे. १९६७ साली कोलोरॅडोतील एका संशोधनकेंद्रात बंदिस्त ठेवलेल्या याच जातीच्या हरणांत तो प्रथम दिसला. मेंदूतील प्रथिन विकृत होते, जनावर झिजत जाते आणि मरते, उपाय नाही. माणसास तो झाल्याचे आढळलेले नाही, तरी रोगी ठरलेल्या जनावराचे मांस खाऊ नये असा तेथील आरोग्यखात्यांचा सल्ला आहे. म्हणून डोक्यातील गाठींचा नमुना तपासणीस द्यावयाचा आणि अहवाल येईपर्यंत मांस वेगळे ठेवावयाचे. तक्त्यात तोही रकाना होता.

आता त्या संध्याकाळची हकीकत. चौथ्या दिवशी सूर्य मावळण्याच्या बेतात असता, ऑगस्टात हेरून ठेवलेल्या नरांपैकी एक समोरच्या उतारावर उघड्यावर आला. प्रत्येक बाजूस चार टोके असलेली, चांगली रुंद शिंगे. अंतरमापक यंत्राने ५२० यार्ड दाखवले. मध्ये खोल दरी, तिच्यातून आडवा वारा. कायद्याने सूर्यास्तानंतर अर्ध्या तासापर्यंत गोळी झाडता येते, म्हणजे वेळ होता. बंदूक चांगली होती. त्याने निवांत नेम धरला, दुर्बिणीतून पाहत राहिला, आणि बंदूक खाली ठेवली.

का, ते त्याने आम्हांस लिहिले, आणि आमच्या मते ते पत्र आमच्या घरातील साऱ्या शिकारकथांहून मोलाचे आहे. दहा मैल वेगाच्या आडव्या वाऱ्याने एवढ्या अंतरावर गोळी फूट-दीड फूट बाजूला सरकते. काळीज-फुप्फुसाची जागा जेमतेम वीतभर. माणूस उभा आहे तेथला वारा त्याला कळतो. दरीच्या मध्यावरचा कळत नाही. गोळी पोहोचावयास अर्ध्या सेकंदाहून अधिक वेळ लागतो, तेवढ्यात चरणारे हरीण एक पाऊल टाकते. मग ती पोटात लागते. आणि पोटात लागलेले हरीण काळोखात, दरीच्या पलीकडे, देवदारांच्या झाडीत जाऊन रात्रभर मरत राहते. त्याने जूनमध्येच, घरी टेबलापाशी बसून, मर्यादा ठरवली होती: धाप लागलेली असताना, पाठपिशवीवर बंदूक टेकवून जेवढ्या अंतरावरून त्याच्या दहांपैकी दहा गोळ्या वीतभर वर्तुळात पडत, तेवढेच अंतर. ते ३०० यार्ड निघाले. ती मर्यादा त्याने कागदावर लिहिली होती, कारण (हे त्याचेच म्हणणे) शिंगे समोर दिसल्यावर मनुष्य खरे बोलत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती वाटी रिकामी होती. दुपारी गारा पडल्या. सहाव्या दिवशी तो खाली आला. चार वर्षांचे गुण शून्यावर आले ते आलेच.

यालाच आमच्या गच्चीवर 'हात हलवत परत' म्हणून हसण्यात आले.

आता आमच्या स्नेह्यांच्या आजोबांकडे वळू. तेही आम्ही आदरपूर्वकच करू, कारण दोष एकट्या त्यांचा नव्हता. ग्वाल्हेर, बडोदे, कोल्हापूर अशा संस्थानांत शिकारखाना हे दरबारचे खातेच होते. इंदुरास येण्यापूर्वी आमचे पणजोबा उत्तरेकडील एका संस्थानात अशाच खात्यात कारकून होते. त्यांच्या हातची जमाखर्चाची एक वही आमच्याकडे आहे; विशेषांकासाठी मागणी झाली ती हिचीच. तीत आमिषासाठी बांधलेल्या रेडकांची किंमत आहे. हत्तींचा चारा आहे. मचाण बांधणाऱ्या सुतारांची मजुरी आहे. बर्फाच्या पेट्यांचे भाडे आहे, आणि तो बर्फ मांसासाठी नव्हता, पाहुण्यांच्या पेयांसाठी होता. वाघ कोणत्या नाल्यात पाणी पितो, रात्री कोठून कोठे जातो, हाका कोणत्या बाजूने घातल्यास तो मचाणाखालून निघेल, याच्या नोंदी आहेत. त्या इतक्या बारीक आहेत की आमच्या पुतण्याच्या तक्त्याशी त्यांचे नाते ओळखू यावे. एका पानावर 'हाकारा जखमी, औषधास' असे लिहून पुढे एक क्षुल्लक रक्कम आहे. नाव नाही. पुढल्या पानावर वाघाची लांबी आहे, नाकापासून शेपटीच्या टोकापर्यंत, इंचासकट.

तेव्हा शिकारीत कारकुनी नव्हती हे खोटे आहे. ती होती, आणि ती आपल्याच घराण्यांनी केली. फरक इतकाच की माग काढला एकाने, रान उठवले शेकडोंनी, जखम झाली दुसऱ्याला, हिशेब लिहिला तिसऱ्याने, आणि जो मचाणावर चढला त्याने चाप तेवढा ओढला. त्याच्या नावाने मुंडके टांगले गेले. हे शौर्य म्हणून मिरवण्यास आमची हरकत आहे. ज्याने आपला माग आपण काढला, आपले ओझे आपण वाहिले आणि आपल्या हाताच्या कुवतीचा हिशेब आपण मांडला, त्या पोराला कारकून म्हणून हिणवणे हा आमच्या पणजोबांचाही अपमान आहे. ते निदान आपले काम चोख करीत.

या पद्धतीची अखेर काय झाली तेही सांगितले पाहिजे. १९४७ साली कोरिया संस्थानात तीन चित्ते एकाच रात्री मोटारीच्या दिव्यांच्या उजेडात मारले गेले. आपल्या देशातील चित्त्यांची ती शेवटची खात्रीलायक नोंद मानली जाते. १९५२ साली ते देशातून नष्ट झाल्याचे जाहीर झाले. वडीलधाऱ्यांच्या शिकारकथांत चित्ता पाळून हरणांवर सोडण्याची वर्णने असतात, पण देशी चित्ते मिळेनासे झाले तेव्हा कोल्हापूरसारख्या संस्थानांना ते आफ्रिकेतून आणावे लागत, हे कोणी सांगत नाही. १९७२ च्या कायद्याने शिकार बंद झाली, आणि सप्टेंबर २०२२ मध्ये, जुन्या ग्वाल्हेर संस्थानच्या मुलखातील कुनोच्या रानात, नामिबियातून आणलेले आठ चित्ते सोडावे लागले. ज्या घरांत त्या काळाची हळहळ अद्याप चालू आहे त्यांनी हळहळ जनावरांसाठी करावी.

मंडळातील एका भगिनींनी त्या रात्री वेगळाच प्रश्न केला होता, आणि तो हशात बुडाला. "पण त्या हरणाने तुमचे काय बिघडवले?" असे त्या म्हणाल्या. हा प्रश्न आमच्या स्नेह्यांच्या थट्टेहून पुष्कळ गंभीर आहे आणि आम्ही त्याला बगल देणार नाही. काहीही बिघडवले नाही. शिकारी मंडळी याचे जे ठरीव उत्तर देतात, की कळप आटोक्यात राहतो, ते नरांच्या शिकारीपुरते तरी पटण्यासारखे नाही. कळप वाढतो की घटतो हे माद्या आणि पाडसे ठरवतात. वायोमिंगच्या पश्चिम भागात २०२२-२३ च्या हिवाळ्यात बर्फ इतके कडक झाले की संशोधकांनी गळ्यात पट्टे बांधलेली जवळजवळ सगळी पाडसे मेली, माद्याही फार मोठ्या प्रमाणावर गेल्या. तिथे कोणत्याही बंदुकीचा संबंध नव्हता. शिवाय ही हरणे हिवाळ्यात ज्या खालच्या पठारांवर तग धरतात तेथे रस्ते, कुंपणे आणि वायूच्या विहिरी आल्या. रेड डेझर्टपासून होबॅकच्या खोऱ्यापर्यंत दीडशे मैलांची यांची वाट आहे. ती संशोधकांना एकविसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात कळली, हरणांना ती कधीपासून ठाऊक असेल कोण जाणे. त्या वाटेवरचे प्रत्येक कुंपण त्यांना अडवते.

मग शिकार का करावी? आम्ही स्वतः करीत नाही आणि या वयात करणारही नाही. पण आमच्या घरी आठवड्यातून एकदा मटण येते. ते कोठून येते, त्या बोकडाचे शेवटचे दहा तास कसे गेले, हे आम्ही कधी विचारलेले नाही. ज्याने एका हरणाच्या मरणाची जबाबदारी स्वतःवर घेण्यासाठी एवढी खटपट केली आणि ती नीट पार पडणार नाही असे दिसताच हात आवरला, त्याला प्रश्न विचारण्याचा अधिकार त्या भगिनींना आहे, कारण त्या शाकाहारी आहेत. आम्हांला नाही. आणखी एक गोष्ट पैशाची. १९३७ च्या कायद्याने तिकडे रायफली व काडतुसांवर अकरा टक्के कर बसतो, तो वन्यजीवांच्या कामासाठी राज्यांना वाटला जातो. परवान्यांचे शुल्कही त्याच कामी लागते. हरणांच्या वाटा शोधण्यास लागणारा पैसा काही अंशी याच मार्गाने येतो. ही व्यवस्था आदर्श आहे असे आम्ही म्हणत नाही. पण आमच्या संस्थानी शिकारखान्यांनी शिकारीच्या खर्चातील एक आणाही असल्या कामी लावल्याचे निदान आमच्या वहीत दिसत नाही.

आमच्या या लेखावरून अमेरिकेतील शिकार म्हणजे सोवळे प्रकरण आहे असा ग्रह कोणी करून घेऊ नये. सरदारी तेथेही मेलेली नाही. काही खास परवाने लिलावात विकले जातात. यूटातील अँटिलोप बेटावरील याच हरणाचा एक परवाना लाखो डॉलरांना गेलेला आहे. हजार यार्डांवरून जनावर टिपण्याच्या बढाया मारणारे आणि त्यासाठी लागणारी यंत्रसामग्री विकणारे तेथे पुष्कळ आहेत; हजार यार्डांवर गोळीला सुमारे दीड सेकंद लागतो, तेवढ्यात काय काय घडते ते वर सांगितलेच आहे. पाणवठ्यांवर झाडाझाडाला आपोआप छायाचित्र घेणारे कॅमेरे बांधून हरणांची हजेरी घेण्याचा प्रकार इतका वाढला की नेव्हाडाने २०१८ मध्ये, आणि ॲरिझोना व यूटा यांनी २०२२ मध्ये त्यास लगाम घातला. वायोमिंगात ऑगस्ट ते जानेवारी विमानातून शिकार हेरण्यास बंदी आहे. हे सारे कायदे कोणी तरी आधी ते करून पाहिले म्हणूनच झाले. आमच्या पुतण्याने लिहिलेला ३०० हा आकडा मात्र कोणत्याही कायद्यात नाही. ५२० यार्डांवरून गोळी झाडणे पूर्णपणे कायदेशीर होते, आणि तेथे पाहण्यास दुसरे कोणीही नव्हते.

त्याने पुढल्या सोडतीचा अर्ज भरण्याचे ठरवले आहे. शून्य गुणांनी.

राहिला विशेषांक. संपादकमंडळाने वही मागितली आहे, आम्ही देऊ. परंतु तीतून केवळ वाघांच्या लांबीची पाने निवडून, मधोमध एखादे छायाचित्र घालून छापण्याचा बेत असेल तर देणार नाही. आमची अट अशी की रेडकांचे, हाकाऱ्यांच्या मजुरीचे आणि त्या औषधाच्या रकमेचे, अशी तिन्ही पाने जशीच्या तशी छापावीत. आमचे ज्येष्ठ स्नेही त्याच अंकात आपल्या आजोबांविषयी लिहिणार आहेत असे कळते. त्यांचा लेख आमच्या पानांच्या शेजारीच यावा, अशी आमची विनंती आहे. अक्षरजुळणीचा खर्च वाढत असल्यास तो आम्ही सोसू.